मेढ स्थिर आहे असे मानू

धन्यानं बैलाचं मुसकं काढलं आणि माझ्या तोंडाला बांधलं.

मुसकं ओलं होतं. लाळेनं चिकट झालेलं, चघळलेल्या पेंढ्याच्या आंबूस वासाचं. सुंभाचं ते जाळं माझ्या नाकावर ओढत धनी म्हणाला, "शाळेत फार तोंड चालतं म्हणे याचं. आता चालव म्हणावं." खळ्यावरची सगळी माणसं हसली. आमचीच माणसं. धन्याची कुळं, मळणीला वेठीवर आलेली. वेठ म्हणजे दिवसभर राबायचं आणि हात हलवत घरी जायचं. त्यांना न हसून चालणारच नव्हतं, हे मला फार मागाहून कळलं. त्या दिवशी मी एकेकाचं हसणं वेगळं वेगळं ऐकलं, आणि अजूनही मला ते ओळखता येतं.

मी तेव्हा मुरबाडच्या मराठी शाळेत जात होतो. आमचं गाव म्हसा गावाच्या अलीकडं, डोंगराला टेकलेलं. आम्ही कोळी, डोंगरातले. भात आणि नाचणी करणारे. कसायचं आम्ही, कागदावर नाव धन्याचं. धन्याचा मुलगा माझ्याच वर्गात होता. तो पुढं बाकावर, मी मागं दारापाशी. मळणीच्या आधी शाळा तपासायला साहेब आले होते. त्यांनी विचारलं, तीन बिंदूंतून वर्तुळ काढता येईल का. धन्याचा मुलगा म्हणाला, कुठल्याही तीन बिंदूंतून येईल. मी दारातूनच बोललो, "तिनी एका रेषेत असले तर नाय येनार." साहेबांनी मान डोलावली. एवढंच माझं तोंड चाललं होतं.

मळणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खळ्याच्या मधोमध एक जाड लाकडी खांब रोवलेला असतो. ती मेढ. तिच्याभोवती भाताच्या पेंढ्या पसरतात आणि एका ओळीत जोडलेले बैल त्यांच्यावरून गोल गोल फिरवतात. मेढीला लागून असलेला बैल शहाणा लागतो, कारण सगळी ओळ त्याच्या आधारानं वळते. त्या वर्षी धन्याच्या त्या बैलाला खुरकूत झाली होती. माझा बाप, आम्ही त्याला बा म्हणायचो, सकाळी धन्यापुढं हात जोडून एवढंच म्हणाला, "धनी, पोराची परीक्षा हाय. त्याला आज सोडा." धन्यानं जरा वेळ पान चघळलं. मग म्हणाला, "वर्तुळाचा मोठा पंडित ना तो? मग बैलाच्या जागी त्यालाच बांध."

मुसकं धन्यानं बांधलं. दावं बानं बांधलं.

आणि बा चुकला. मेढीला बैल बांधतात तो सैल फासानं. बैल फिरला की फासही मेढीभोवती सरकत फिरतो, दावं गुंडाळत नाही. बानं जन्मभर तोच फास मारला होता, डोळे मिटून मारला असता. पण त्या दिवशी त्याचे हात कापत होते आणि त्यानं फासाऐवजी गाठ मारली. गुरं त्यानं कितीतरी बांधली होती. पोटचं पोर कधी बांधलं नव्हतं.

गाठ असली की दावं मेढीला गुंडाळत जातं. फेरीगणिक मी मेढीच्या जवळ ओढला जाऊ लागलो. माझ्या दुसऱ्या कुशीला ओळीतला शेजारचा बैल जोडलेला, तोही माझ्यामागं आत येऊ लागला. शेवटी छाती मेढीवर दाबली गेली आणि पाठीवर बैलाचा खांदा आला. श्वास मुसक्यात कोंडला. बाला चूक दिसली, तो गाठ सोडायला धावला. धनी हात वर करून म्हणाला, "राहू दे, राहू दे. मजा आहे. आता उलटा फिर रे."

दावं उलगडेपर्यंत उलटा. पुन्हा गुंडाळेपर्यंत सुलटा. ऊन चढलं तशी बैलांना सोडून पाणी दाखवलं. मला पाणी पाजायचं तर मुसकं काढावं लागलं असतं, आणि मुसकं काढा असं धनी म्हणाला नव्हता.

घरी आयनं माझे गाल कोमट पाण्यानं पुसले. सुंभाचे वळ उठले होते. ती म्हणाली, "उद्यापास्नं शाला नको रं बाबा. आपल्याला नाय परवडायची." बा ओसरीवर बसून होता. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलताना माझ्याकडं न पाहता माझ्या शेजारच्या भिंतीकडं पाहू लागला. ती सवय त्याची अजून गेलेली नाही.

मी शाळा सोडली नाही. त्यात काही शौर्य नव्हतं. अपमानानं माणूस पेटून उठतो असं पुस्तकात लिहितात. मी पेटलो बिटलो नाही. फिरता फिरता मी खाली पाहत होतो, कारण वर पाहायची सोय नव्हती, आणि पेंढ्यात माझ्या पावलांची वाट उमटलेली मला दिसली होती. ती गोल नव्हती. आत आत वळत मेढीला जाऊन भिडणारी होती. जुनी, बैलांची वाट मात्र गोल, जिथून निघाली तिथंच येणारी. मेढ एकच. वाटा दोन. फरक फक्त गाठीचा. ते काही केल्या डोक्यातून जाईना. माझ्या वाट्याला आलेल्या सगळ्यात घाण दिवसातून मला काय मिळालं, तर भूमिती! याचा मला आजही संताप येतो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फक्त कष्ट आहेत आणि कष्ट सगळेच करतात. कल्याणला इंग्रजी शाळा, एका घरी पाणी भरून दोन वेळचं जेवण. मॅट्रिक. मुंबईला कॉलेज. बी. ए., मग गणितात एम. ए. आमच्या डोंगरातून एवढं शिकलेला दुसरा कुणी नव्हता. त्याच कॉलेजात मला शिकवायची नोकरी लागली. कच्ची. उन्हाळ्यात काढायचे, जूनमध्ये पुन्हा घ्यायचे. गावाला मी गेलो की लोक म्हणत, "परफेसर आला गो." त्यांना वाटे मी कुणीतरी झालोय. कॉलेजात मला खालचे वर्ग होते. भूमिती वरच्या वर्गाला शिकवतात, ती मला कधी मिळाली नाही. "तुमचे उच्चार जरा सुधारू देत," असं दर वर्षी गोड बोलून सांगत. मी एकटा असताना खोलीत 'नाही, नाही, नाही' असं म्हणत बसायचो. बोलण्याच्या भरात तरीही 'नाय' यायचंच, आणि मुलं खाली मान घालून हसायची.

गणित विभागाचे जे प्रमुख, त्यांना सगळे सर म्हणत. मीही सरच म्हणतो. ते दुष्ट नव्हते. मला पुस्तकं देत, घरी बोलावत, त्यांच्या पत्नी मला आग्रह करून वाढत. एका संध्याकाळी त्यांच्या गॅलरीत बसून मी त्यांना खळ्याची गोष्ट सांगितली. मुसकं, दावं, बाची गाठ, सगळी. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होतो. सर आरामखुर्चीत उठून बसले. डोळे चमकत होते. "अरे," ते म्हणाले, "हा तर फार सुंदर प्रश्न आहे!"

त्यांना मुसकं दिसलंच नाही. त्यांना प्रश्न दिसला.

आणि प्रश्न खरोखरच होता, मी तरी कशाला खोटं बोलू. फास सैल असेल तर वाट गोल. गाठ असेल तर वाट आत जाते. पण फास धड सैल नाही, धड घट्ट नाही, थोडा अडकतो, थोडा सरकतो, असा असेल तर? फिरणारा शेवटी कुठं जाईल? मेढीवर आपटेल, दूर फेकला जाईल, की आणखी काही? महायुद्धाची वर्षं मी त्यात घातली. परदेशी नियतकालिकं बोटीनं यायची बंद झाली होती, दुसरं कुणी यावर काय करतंय ते कळायला मार्ग नव्हता. सरांनी मदत केली, नाही असं नाही. पण वाट मी शोधली. मी सिद्ध केलं की फिरणारा मेढीजवळून निघो की लांबून, जोरात निघो की रेंगाळत, त्याला मध्येच ढकला, ओढा, काहीही करा, तो हळूहळू एका ठरावीक बंद वाटेवर येतो आणि तिथं आला की कायमचा तिथंच फिरतो. तिथून सुटका नाही.

सिद्धतेची पहिली ओळ होती: मेढ स्थिर आहे असे मानू. गणितात असं काहीतरी मानूनच सुरुवात करावी लागते. त्या ओळीकडं मी कधी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

लढाई संपल्यानंतरच्या एका थंडीत आमच्या कॉलेजात ठिकठिकाणचे गणिताचे विद्वान जमणार होते. सर म्हणाले, हे काम आपण तिथं मांडू. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यंदा तुझी नोकरी पक्की होईल. प्रिन्सिपॉलांच्या कानावर घातलं आहे. ते स्वतः पहिल्या रांगेत बसणार आहेत. फक्त तू बोलू नकोस, मी बोलतो. तू आकृत्या काढ." नोकरी पक्की म्हणजे मुंबईत खोली. खोली म्हणजे बाला आणि आयला गावातून कायमचं उचलून आणणं, धन्याच्या खळ्यावरून बाचं पाऊल सुटणं. बा तेव्हाही वेठीवर जात होता. म्हातारा झाला होता, बैलांच्या मागून चालताना धापा टाकायचा. मला दुसरं काही नको होतं. म्हणून मी म्हटलं, बरं, नाही बोलत.

सभागृह भरलेलं होतं. मी फळ्यावर वर पहिली ओळ लिहिली, खाली वर्तुळ काढलं, मेढ काढली. सरांनी सुरुवात गणितानं केली नाही. गोष्टीनं केली. "माझा एक विद्यार्थी," ते म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, नुसता हात माझ्याकडं केला. "लहानपणी याला एकदा बैलाच्या जागी बांधलं होतं. मळणीला! आणि बरं का, तोंडाला मुसकंसुद्धा!"

सभागृह हसलं. पोट धरून नाही, सभ्यपणे, जिव्हाळ्यानं हसलं. कुणीतरी म्हणालं, "काय रम्य!" मी खडू धरून उभा होतो आणि एकेकाचं हसणं वेगळं वेगळं ऐकत होतो. खळ्यावरची माणसं हसली होती कारण त्यांची जमीन धन्याच्या हातात होती. यांची कुणाची जमीन धन्याकडं नव्हती. यांना न हसून चाललं असतं.

सरांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी खूण केली तशी शिपायानं टोप्या अडकवायचा लाकडी खांब व्यासपीठावर आणून ठेवला. वर नवी पांढरी दोरी. सरांनी स्वतःच्या हातानं खांबाला गाठ मारली. त्यांचे हात कापत नव्हते. दोरीचं दुसरं टोक माझ्यापुढं धरून ते हसून म्हणाले, "ये. कमरेला अडकव आणि जरा फिरून दाखव. पाहुण्यांना वाट डोळ्यांनी दिसू दे."

प्रिन्सिपॉल पहिल्या रांगेतून मान हलवत होते. कौतुकानं. मला खोली दिसली. आय खोलीच्या दारात बसलेली दिसली. दोन फेऱ्या मारायच्या, बस. दोरी अंगाला टोचणारी नव्हती, मऊ सुताची होती. माझा हात पुढं झाला, हेही सांगतो. पुढं झालेल्या हातात खडू होता, म्हणून खडू ठेवायला मी फळ्याकडं वळलो. आणि फळ्यावर माझ्याच अक्षरातली पहिली ओळ होती. मेढ स्थिर आहे असे मानू.

कुणी मानलं? मी मानलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. मेढ धन्यानं रोवली हे ठीक, पण इतकी वर्षं तिला धरून कोण उभं होतं? कुठूनही निघा, कसेही निघा, सुटका नाही, हे मी एवढ्या कष्टानं सिद्ध केलं होतं, आणि ते सगळं त्या एका ओळीवर उभं होतं. मला रडू येत नव्हतं. तोंडावर लाळेचा वास येत होता.

मी म्हणालो, "मी फिरनार नाय."

तोंडातून 'नाय'च आलं. मी ते सुधारलं नाही.

सर हसतच होते. "अरे, गंमत आहे."

"मी नाय फिरनार, सर. तुमी फिरा."

खडू ठेवला आणि मधल्या वाटेनं दरवाज्याकडं चालत गेलो. कुणी अडवलं नाही. मला वाटलं होतं मागं शांतता पसरेल, निदान खाकरणं, कुजबुज. तसलं काही झालं नाही. जिन्यात पोचलो तर मागून टाळ्या ऐकू आल्या. दुसरा एक हौशी विद्यार्थी पुढं झाला होता आणि खांबाभोवती फिरून दाखवत होता. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. जूनमध्ये मला पुन्हा घेतलं नाही. ते काम पुढं सरांच्या नावानं छापून आलं. मी वाचलं. नीटनेटकं लिहिलं आहे. चूक कुठंही नाही.

गावी गेलो. बाला सगळं सांगितलं. तो भिंतीकडं पाहत ऐकत होता. मग म्हणाला, "फिरला असतास तं काय झिजला असतास? आमी जलमभर फिरतो." सरांच्या टाळ्या मला लागल्या नाहीत तेवढं हे लागलं.

मग स्वराज्य आलं. धन्याच्या घरावर झेंडा लागला. खळ्यावर वेठ होतीच. मळणीच्या दिवसांत बा पहाटे उठून गेला. पाठोपाठ मीही गेलो. धनी थकला होता, खाटेवर बसून होता. मला पाहून म्हणाला, "या परफेसर. काय हरवलं का खळ्यावर?" मी बैलांच्या मधून आत शिरलो, गुडघ्यांवर बसलो आणि कोयत्यानं मेढीच्या बुडाची माती उकरायला लागलो.

खैराची मेढ, खोल रोवलेली. कोयता दगडावर आपटायचा. मग हातानं उकरायचो. नखं फाटली. सगळी माणसं जागच्या जागी उभी राहून पाहत होती. आमचीच माणसं. कुणी पुढं आलं नाही. मी कुणाला बोलावलंही नाही. बानं तेवढं केलं, बैल सोडले आणि बाजूला नेले, त्यांच्या अंगावर खांब पडू नये म्हणून. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. दुपार उलटून गेली तेव्हा मेढ कलली. मी पाठ लावून रेटली आणि ती पेंढ्यावर आडवी झाली. कुणी हसलं नाही. कुणी हुश्श केलं नाही. धनी आवाज न चढवता बाला म्हणाला, "उद्या रोव."

दुसऱ्या दिवशी बानं रोवली. स्वतःच्या हातानं. तरीही हंगाम संपल्यावर धन्यानं जमीन काढून घेतलीच.

आता आम्ही शहापूरला एका खोलीत राहतो. मी इथल्या शाळेत मुलांना गणित शिकवतो. आय खोलीच्या दारात बसते, मी मुंबईत पाहिलं होतं तशीच, फक्त मुंबई नाही. बा माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी मुलांना सांगतो, सिद्धता वाचताना आधी विचारा, हे कुणी मानलं. ती माझ्याकडं बघत राहतात आणि मग परीक्षेत काय येईल ते विचारतात. त्यांच्यातून कुणी पुढं मोठं होईल असं मला वाटत नाही. मी स्वतः नवीन गणित करत नाही. करायला घेतलं की हात थांबतो.

मागच्या आठवड्यात गावाकडचा माणूस आला होता. सांगत होता, धन्यानं नवी मेढ घातली आहे, पहिलीपेक्षा जाड, बुडाशी दगड आणि चुना भरून. कुळं तीच. फिरणं तेच. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लोहाराकडं गेलो. पहार घेऊन घरी आलो ती भिंतीला टेकवली, नेमकी बा पाहतो त्या भिंतीला.

बानं विचारलं, "कशाला?"

"मेढीला."

"परत रोवतील."

"परत उपटीन."

त्यानं तोंड फिरवलं. आता त्याला पाहायला दुसरी भिंत शोधावी लागली. आमच्याकडून काढून घेण्यासारखं धन्याला काही उरलेलं नाही, आणि मला सिद्ध करायचं काही उरलेलं नाही. भात पिवळं पडलं आहे. कापणी झाली की खळी सारवतील. पहिल्या दिवशी, बैल जुंपायच्या आधी, मी तिथं असेन. या खेपेला पहार घेऊन.